कॅसाडेगा : फ्लोरिडातलं परलोकवाल्यांचं गाव आणि तिथली भुतं

अबोली
नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज पावसामुळे घरातच अडकलेय म्हणून बसलेच. मी ओरलँडोच्या बाजूला राहते. इथून डेटोना बीचकडे जाणाऱ्या हायवेने पाऊण तास गेलं की लेक हेलन नावाचं छोटं गाव लागतं आणि त्याला चिकटूनच कॅसाडेगा. हॅलोविन जवळ आला की ऑफिसात हमखास कोणीतरी विचारतं, काय मग, कॅसाडेगाला जाऊन आलीस की नाही, तिथे म्हणे भुतं आहेत, स्मशानात सैतानाची खुर्ची आहे वगैरे. मी पहिल्यांदा गेले ती असलंच काहीतरी ऐकून. पण आता पाच-सहा वेळा जाऊन आल्यावर मला वाटतं की या गावाबद्दल बाहेर जे बोललं जातं आणि गाव प्रत्यक्षात जे आहे त्यात फार अंतर आहे, आणि ते कोणीतरी मराठीत नीट लिहायला हवं.

तर हे गाव स्पिरिच्युअलिस्ट लोकांचं आहे. म्हणजे माणूस मेला तरी संपत नाही, तो दुसऱ्या अवस्थेत असतो आणि मिडियममार्फत, म्हणजे मध्यस्थामार्फत, त्याच्याशी बोलता येतं असं मानणाऱ्यांचं. त्यांच्यासाठी हा छंद नाही, धर्म आहे. रविवारी टेंपलमध्ये प्रार्थना होते, गाणी होतात, प्रवचन होतं आणि शेवटी मिडियम उभे राहून लोकांना निरोप देतात.

गाव वसवलं जॉर्ज कोल्बी नावाच्या माणसाने. जन्म १८४८ चा, न्यूयॉर्क राज्यातला, वाढला मिनेसोटात, घरचे बाप्टिस्ट. तरुणपणी गावोगाव फिरून आत्म्यांशी बोलण्याच्या बैठका घ्यायचा. त्याचं म्हणणं असं की सेनेका नावाच्या एका मूळ अमेरिकन माणसाचा आत्मा त्याला वाट दाखवतो. या सेनेकाने आयोवातल्या एका बैठकीत त्याला सांगितलं की आधी विस्कॉन्सिनला जा, तिथे गिडिंग्ज नावाचे गृहस्थ भेटतील, मग त्यांच्याबरोबर दक्षिणेला जा, सात टेकड्या आणि तळ्यांची रांग दिसेल तिथे थांब. १८७५ च्या नोव्हेंबरात हे लोक सेंट जॉन्स नदीतून बोटीने ब्लू स्प्रिंगच्या धक्क्याला उतरले आणि पुढे रान तुडवत गेले. (ब्लू स्प्रिंगला आता स्टेट पार्क आहे, झऱ्याचं पाणी बारा महिने २२ अंश असतं म्हणून थंडीत मॅनेटी नावाचे ते अगडबंब पाणगायीसारखे प्राणी तिथे येऊन पडून राहतात.) कोल्बीला क्षय होता, इथल्या हवेने आणि झऱ्याच्या पाण्याने तब्येत सुधारली असंही सांगतात.

पुढे १८ डिसेंबर १८९४ ला सदर्न कॅसाडेगा स्पिरिच्युअलिस्ट कॅम्प मीटिंग असोसिएशन रजिस्टर झाली आणि १८९५ च्या जानेवारीत कोल्बीने आपल्या जमिनीतली ३५ एकर त्यांना देऊन टाकली. या दोन तारखांच्या मध्येच, डिसेंबरच्या शेवटी, फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडली, फेब्रुवारीत पुन्हा पडली, आणि संत्र्यांच्या बागाच्या बागा जळून गेल्या, लोक घरंदारं टाकून उत्तरेला परत गेले. सगळा मुलूख रिकामा होत असताना हे मात्र गाव वसवत होते, ही गोष्ट मला फार भारी वाटते.

आज कॅम्प (म्हणजे असोसिएशनचं गाव) साधारण ५७ एकरांचा आहे आणि घरं पन्नास-पंचावन्न. जमीन असोसिएशनची, घर तुमचं, म्हणजे आपल्याकडे सिडकोची जमीन लीजवर असते तसंच जवळपास. १९९१ पासून सरकारी ऐतिहासिक स्थळांच्या यादीत आहे. अरुंद गल्ल्या, लाकडी घरं, जाळीचे व्हरांडे, ओकच्या फांद्यांवरून करड्या जटांसारखं लोंबणारं मॉस, आणि प्रत्येक दुसऱ्या दारावर पाटी : मिडियम, हीलर. कुत्री झोपलेली असतात. भीती वाटेल असं काहीच नाही हो तिथे.

बाकी जसं जमेल तसं लिहिते. कोणी गेलं असेल तर सांगा.

रातराणी
वा वा, काय धागा काढलायस! पण अबोली, भुतं कुठायत? सैतानाची खुर्ची म्हणून पुढे काहीच लिहिलं नाहीस. ते आधी लिही, रात्री एकटीने वाचणारे 🙂

बफेलोकर
छान लिहिलंय. कॅसाडेगा हे नाव मुळात आमच्याकडचं. बफेलोपासून तासाभरावर, न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला कॅसाडेगा नावाची तळी आहेत आणि त्यांच्या काठावर लिली डेल हे स्पिरिच्युअलिस्टांचं मोठं गाव आहे. १८७९ पासूनचं, लिली डेल हे नाव मात्र १९०६ चं. तिथला सीझन उन्हाळ्याचा, जून अखेर ते सप्टेंबरची सुरुवात. थंडीत आमच्याकडे कमरेएवढं बर्फ, मग म्हातारे मिडियम करणार काय, म्हणून दक्षिणेला हिवाळी गाव पाहिजे होतं. अबोलीताईंनी लिहिलेली संस्था काढायला लिली डेलचीच मंडळी खाली आली होती, म्हणून नावात सदर्न. उन्हाळ्यात इथे, हिवाळ्यात तिथे.

मी बायकोबरोबर दोनदा गेलोय लिली डेलला. जुन्या झाडांच्या राईत एक झाडाचा बुंधा आहे, त्याला इन्स्पिरेशन स्टंप म्हणतात. पूर्वी मिडियम त्याच्यावर चढून बोलायचे, आता तो सिमेंटने पक्का केलाय, भोवती कुंपण आहे आणि मिडियम शेजारी उभे राहतात. समोर बाकांवर दीड-दोनशे माणसं. मिडियम एकाकडे बोट करून विचारते, मी तुमच्याकडे येऊ का? आणि तुम्ही मोठ्याने हो म्हणायचं. मान डोलावलेली चालत नाही, त्यांना आवाज हवा असतो. पानांची सळसळ आणि मधेच कोणाचा तरी हुंदका, एवढंच ऐकू येतं.

आणि एक गोष्ट जी भुतांच्या नादात राहून जाते ती म्हणजे बायका. ज्या काळात चर्चमध्ये बाईला व्यासपीठावर उभं राहू देत नव्हते त्या काळात इथे बायका हजारोंसमोर बोलायच्या. बायकांच्या मताधिकारासाठी लढणारी सुझन अँथनी लिली डेलला येऊन भाषणं देऊन गेलीय.

प्रश्नचिन्ह
धागा आवडला, माहिती पण चांगली आहे. पण सुरुवात कशी झाली तेही लिहायला पाहिजे ना, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की सगळं आभाळातून पडलं. ३१ मार्च १८४८, न्यूयॉर्क राज्यातलं हाइड्सव्हिल. मॅगी आणि केट फॉक्स या दोन बहिणी, एक चौदाची, एक अकराची. घरात रात्री ठकठक आवाज यायचे. पोरींनी टाळ्या वाजवल्या की तेवढेच ठोके परत. मग ठोक्यांवरून उत्तरं, त्यातून कळलं की म्हणे घरात एका फेरीवाल्याचा खून होऊन तळघरात पुरलाय. मोठ्या बहिणीने, लीआने, दोघींना रॉचेस्टरला नेलं आणि १८४९ च्या नोव्हेंबरात हॉल भाड्याने घेऊन तिकीट लावून प्रयोग केले.

आता पुढचं. २१ ऑक्टोबर १८८८ ला न्यूयॉर्कमध्ये भर सभेत मॅगीने स्टेजवर उभं राहून सांगितलं की ते सगळं खोटं होतं, आम्ही पायाच्या अंगठ्याचे सांधे वाजवत होतो, आणि बूट काढून करून पण दाखवलं. डॉक्टरांना बोलावून तपासायला लावलं. पुढच्या वर्षी तिने ते विधान मागे घेतलं हे खरं, पण तेव्हा ती कफल्लक होती, दारूच्या आहारी गेलेली. केट १८९२ ला गेली, मॅगी १८९३ ला. मला या बहिणींचा राग येत नाही, वाईट वाटतं. लहानपणी आईला घाबरवायला केलेली गोष्ट आयुष्यभर गळ्यात पडली.

बफेलोकर
प्रश्नचिन्ह, बरोबर आहे, आणि हे लिली डेलच्या लोकांना माहीत नाही असं नाही. फॉक्स बहिणींचं ते घर १९१६ मध्ये उचलून लिली डेलला आणलं होतं, १९५५ ला आग लागून जळालं. आता त्या जागी बाग आहे. म्युझियममध्ये त्या फेरीवाल्याची म्हणून एक पेटी ठेवलीय, ती मी पाहिलीय. कबुलीजबाबाचं विचारलं तर तिथली बाई शांतपणे म्हणाली, हो, ते पण आमच्या इतिहासात आहे.

गवतीचहा
अगं हे वाचून मला आजी आठवली! आमच्या पुण्यातल्या वाड्यात प्लँचेट व्हायचं. पाटावर खडूने गोल करून क ख ग घ लिहायचं, मध्ये स्टीलची वाटी उपडी, तिघींनी एकेक बोट टेकवायचं, उदबत्ती लावायची, आणि खिडकी थोडी उघडी ठेवायची म्हणजे आत यायला वाट. आजीने कधी परीक्षेचं नाहीतर लग्नाचं विचारलं नाही. तिचा एक मुलगा तीन वर्षांचा असताना घटसर्पाने गेला होता, ती दर वेळी एकच विचारायची, बाळा जेवलास का? वाटी हो वर जायची. मग ती बोट काढून घ्यायची आणि उठून स्वयंपाकघरात जायची. आम्हाला पोरांना मजा वाटायची तेव्हा. आता मला दोन मुलं आहेत आणि मला ते आठवलं की घशात काहीतरी येतं.

अबोली
गवतीचहा, अगदी हेच. अगदी अगदी हेच म्हणायचंय मला, तू एका वाक्यात सांगितलंस. हा पंथ पसरला कधी बघा. अमेरिकन यादवी युद्धात सहा लाखांवर माणसं मेली, कित्येकांची प्रेतंही घरी आली नाहीत. लिंकनचा मुलगा विली १८६२ ला गेला, त्याच्या आईने व्हाइट हाउसमध्ये बैठका घेतल्या. पहिल्या महायुद्धानंतर परत तेच. ज्यांना नीट निरोप घेता आला नाही ते लोक होते हे.

आता रातराणीसाठी भुतं. कॅसाडेगात एक हॉटेल आहे. मूळचं १९२६ ला जळालं, मग पुन्हा बांधलं, पुढे मंदीच्या काळात असोसिएशनच्या हातातून गेलं ते आजपर्यंत खाजगीच आहे. हे महत्त्वाचं, कारण रस्त्याच्या एका बाजूला कॅम्प आणि दुसऱ्या बाजूला हॉटेल, दुकानं, टॅरो कार्ड, क्रिस्टल, भुतांच्या टूर. कॅम्पचे मिडियम टॅरो वगैरे करत नाहीत, त्यांना बरीच वर्षं शिकून असोसिएशनकडून मान्यता मिळवावी लागते. बाहेरून येणाऱ्याला हा फरक कळतच नाही, त्याला सगळं एकच.

तर हॉटेलचं भूत म्हणजे आर्थर. आयरिश गवई, १९३० च्या दशकात तिथे राहायचा आणि तिथेच गेला. त्याला जिन आणि सिगार आवडायचे, म्हणून पॅसेजमध्ये कोणी ओढत नसताना सिगारचा वास येतो म्हणतात. शिवाय दोन लहान मुली आहेत, जिन्यावर खेळतात. मी व्हरांड्यातल्या झुलत्या खुर्चीत दोन तास बसलेय, मला लाकडाच्या पॉलिशचा वास आला. पण काउंटरवरच्या माणसाने आर्थरबद्दल असं सांगितलं जसं आपण वाड्यातल्या जुन्या भाडेकरूबद्दल सांगतो.

रातराणी
आर्थर आवडला मला. आणि खुर्ची??

अबोली
खुर्चीचं नीट लिहायचंय म्हणून मागे ठेवलं होतं. लेक हेलन आणि कॅसाडेगाच्या मध्ये उतारावर स्मशानभूमी आहे. कोल्बीचं थडगंही तिथेच. तो १९३३ ला गेला, गावासाठी जमीन देऊन टाकलेला माणूस शेवटी गरिबीत गेला. तिथे एका कुटुंबाच्या जागेत लाल विटांचा बाक आहे, पाठ आणि हात असलेला. गोष्ट अशी की मध्यरात्री त्याच्यावर बसलं की सैतान येऊन कानात बोलतो. दुसरी गोष्ट, बिअरचा बंद डबा ठेवून जायचा, सकाळी डबा बंदच पण आत थेंब नाही. कॉलेजची पोरं यायची, दारू प्यायची, थडगी फोडून ठेवायची. म्हणून आता सूर्यास्तानंतर बंद, आत सापडलात तर पोलीस पकडतात.

आणि खरी गोष्ट काय तर तो शोक करायला बसण्याचा बाक आहे. अशी पद्धत होती तेव्हा. गावातले सांगतात की एका म्हाताऱ्याची बायको गेली, तो रोज तिच्याजवळ येऊन बसायचा, उभं राहवेना म्हणून विटांचा बाक बांधून घेतला. बस. शिवाय स्पिरिच्युअलिस्ट लोक नरक मानत नाहीत, सैतान तर मानतच नाहीत! ज्यांच्या धर्मात सैतानच नाही त्यांच्या दारात लोकांनी सैतानाची खुर्ची आणून ठेवलीय. मला याचा खरंच त्रास होतो.

तळकोकण
बिअरचा डबा वाचून थांबलो. आमच्या गावात राखणदाराला विडी आणि दारूचा नैवेद्य ठेवतात, सकाळी गेलं की विडी नसते. पण आम्ही त्याला सैतान नाही म्हणत, तो शिवेवर फिरतो, रात्री उशिरा येणाऱ्याला घरापर्यंत सोबत करतो. म्हणजे ठेवायचं तेच, पण एकाने भीतीने ठेवायचं नाहीतर गंमत म्हणून, दुसऱ्याने आपला म्हणून.

जुनंपुराणं
सुंदर चर्चा. अबोली यांनी १८७५ चा नोव्हेंबर लिहिलाय, त्याच महिन्यात, १७ तारखेला, न्यूयॉर्कमध्ये थिऑसॉफिकल सोसायटीची, म्हणजे सगळ्या धर्मांमागचं गूढ ज्ञान शोधणाऱ्या संस्थेची, स्थापना झाली. मॅडम ब्लाव्हॅट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट यांची पहिली भेट १८७४ ला व्हर्मांटमधल्या चिटेंडनला एडी बंधूंच्या शेतघरात झाली, जिथे रोज रात्री मेलेली माणसं प्रकट होतात म्हणून गर्दी व्हायची. ऑल्कॉट तिथे वर्तमानपत्रासाठी लिहायला गेले होते. हेच दोघं १८७९ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले आणि राहिले कुठे तर गिरगावात! त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांचं मासिक मुंबईतून सुरू झालं, १८८२ अखेर ते मद्रासजवळ अड्यारला गेले. मात्र ब्लाव्हॅट्स्कीबाईंनी तोवर वेगळी वाट धरली होती. त्यांचं म्हणणं, बैठकीत जे येतं तो तुमचा माणूस नव्हेच, त्याने मागे टाकलेलं टरफल असतं. त्यामुळे स्पिरिच्युअलिस्ट त्यांच्यावर खूप चिडले. या चळवळीची एक फांदी त्या शेतघरातून गिरगावापर्यंत पोचली आणि कॅसाडेगा दुसऱ्या फांदीवर, एवढंच सांगायचं होतं.

प्रश्नचिन्ह
अबोली, तुम्ही स्वतः मिडियमकडे बसलात का? विचारलेलं चालत असेल तरच सांगा.

अबोली
चालतं. बाबा गेले तेव्हा मला विमान मिळालं नाही. दहाव्याला भावाने घाटावरून व्हिडिओ कॉल लावला, कावळा शिवेना, चाळीस मिनिटं झाली, मग काकांनी वाकून काहीतरी पुटपुटलं आणि कावळा आला. काका काय बोलले ते मला फोनवर ऐकू आलं नाही. नंतर विचारलं तर म्हणाले, म्हटलं पोरीची काळजी करू नकोस.

त्यानंतर चार महिन्यांनी गेले कॅसाडेगाला. रविवारी टेंपलमध्ये बसले, पंखे फिरत होते, तीसेक माणसं. मला काही निरोप आला नाही. माझ्या पुढच्या रांगेत एक म्हातारे होते, हातात टोपी, ती बोटांनी सारखी फिरवत होते. मिडियम त्यांना म्हणाली, तुमच्या मागे एक बाई उभी आहे, एप्रन बांधलाय, ती म्हणते परसातल्या लिंबाला पाणी घालायचं सोडू नका. टोपी फिरायची थांबली. ते म्हणाले, हो, सोडलंय मी. एवढंच. मग पुसायला रुमाल सापडेना म्हणून टोपीनेच डोळे पुसले.

प्रश्नचिन्ह
सांगितल्याबद्दल मनापासून आभार. मला जे वाटतं ते तुमचा मान ठेवून लिहितो. फ्लोरिडात परसात लिंबाचं नाहीतर संत्र्याचं झाड नसलेलं घर कितीसं सापडेल? त्या वयाच्या बाईला एप्रन असणारच. आणि एकटा राहिलेला माणूस बायकोच्या झाडाकडे दुर्लक्ष करतो हे सांगायला आत्मा लागत नाही. याला कोल्ड रीडिंग म्हणतात, बोलणारा मुद्दाम फसवत असतो असंही नाही, त्याला स्वतःलाही खरं वाटत असतं. प्रसिद्ध जादूगार हूडिनीने आयुष्याची शेवटची वर्षं हेच उघड करण्यात घालवली, १९२६ ला वॉशिंग्टनला खासदारांच्या समितीपुढे साक्ष दिली, कारण आई गेल्याचं दुःख त्यालाही होतं आणि त्या दुःखाचा कोणी धंदा करावा हे त्याला सहन होत नव्हतं. एका भेटीचे शे-दीडशे डॉलर देत माणूस दर महिन्याला जायला लागला तर काय, ही माझी काळजी आहे.

अबोली
तुमचं म्हणणं मला पटतं, आणि लिंबाचं तर अगदीच पटतं, आमच्याही परसात आहे. पैशाचं म्हणाल तर रविवारच्या निरोपांना फक्त देणगीची थाळी फिरते, पण खाजगी भेटीचे पैसे लागतात आणि तिथे ज्याने त्याने स्वतःला सांभाळायला पाहिजे हे खरंच. मी खाजगी भेट कधी घेतली नाही, घेणारही नाही. पण ते म्हातारे घरी जाऊन त्या झाडाला पाणी घालणार होते हे मी त्यांच्या तोंडावर बघितलं. आणि काकांनी कावळ्यापाशी जे केलं ते याहून किती वेगळं होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

गवतीचहा
काकांना माझा नमस्कार सांग.

रातराणी
मी आज भुतांसाठी आले होते आणि रडत बसलेय. डिसेंबरात भाऊ ओरलँडोला बोलावतोय. कसं जाऊ, आधी काय बघू?

अबोली
नक्की ये! सकाळी लवकर ब्लू स्प्रिंगला जा, जितकी थंडी जास्त तितके मॅनेटी जास्त. कोल्बी उतरला तो धक्का तिथेच. मग कॅसाडेगात कॅम्पचं पुस्तकांचं दुकान आहे, तिथे विचार, त्यांच्याच माणसाबरोबर गावात फेरी मार, टेंपल बघ, तळ्याकाठी बस. हॉटेलच्या व्हरांड्यात आर्थरसाठी दहा मिनिटं. स्मशानभूमीत दिवसाउजेडीच जा, डिसेंबरात साडेपाचलाच सूर्य मावळतो. बाकावर बसलीस तरी कोणी काही म्हणणार नाही, दुपारी विटा छान ऊन असतात. आणि एक कॅरीबॅग बरोबर ठेव. बाकाखाली बिअरचे डबे टाकलेले असतात, मी दर वेळी उचलून आणते.